मुलाखतीला नेलेलं पंचांग

वैमानिक म्हटला की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. भीती वाटत नाही का, आणि वरून आपलं गाव दिसतं का. पहिल्याला मी नाही म्हणतो. त्यात थोडी थाप असते. दुसऱ्याला हो म्हणतो, आणि ते अगदी खरं आहे. मुंबईहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात डाव्या अंगाला अलिबागचा पाण्यातला किल्ला यायचा, त्याच्या पुढे नागावच्या वाड्या, माड-पोफळींची दाटी, आणि त्या दाटीत कुठंतरी आमचं कौलारू घर. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला "ते बघ माझं घर" म्हणेपर्यंत ते मागं पडलेलं असायचं. तेच घर गाठायला खाली उतरल्यावर मला अख्खा दिवस लागे, आणि कधीकधी तेवढ्यानंही भागत नसे. तिसरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही, की बाबा रे, तू घरी जातोस कधी? माझ्या नोकरीतला सगळा घोळ त्या एका प्रश्नाचा आहे, म्हणून तेवढंच लिहितो. बढत्या, बदल्या आणि निरोपसमारंभातली भाषणं गाळली आहेत.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. लढाईत वापरलेली डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली होती आणि ज्याच्या हाती चार पैसे खेळत होते तो उठून विमान कंपनी काढत होता. अशा कंपन्या जशा निघत तशा बुडतही. मी ज्या कंपनीत कॅप्टन होतो तीही बुडाली. माझ्यावर बेकारी आली नाही, कारण वैमानिक थोडे होते आणि विमानं पुष्कळ. आठवड्याभरात मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक मोठी कंपनी, तिची विमानं ठरल्या वेळी ठरल्या गावी जात. दुसरी छोटी, एका शेठची. तिच्याकडे तीन विमानं, आणि ज्याचं भाडं येईल त्याच्यासाठी ती उडायची. दोन्हीकडे मला कॅप्टनचीच जागा देऊ केली होती आणि पगारात फारसा फरक नव्हता.

एरवी मी डोळे मिटून मोठ्या कंपनीत गेलो असतो. पण त्याच वर्षी माझी बायको कुसुम हिला क्षय झाला होता. तेव्हा हा शब्द लोक आवाज खाली आणून उच्चारत. नवी इंजेक्शनं नुकतीच आली होती, पण डॉक्टर सांगत की निम्मं काम औषधाचं आणि निम्मं अंथरुणाचं. मुंबईतल्या खोलीत ना हवा ना उजेड, म्हणून तिला नागावला माझ्या आत्याकडे ठेवलं. आत्या बालविधवा, आमची वाडी तीच सांभाळायची. तिनं मागच्या पडवीत, वाडीच्या वाऱ्यावर, कुसुमची खाट घातली. अलिबागच्या डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती: दुपारी बारा ते पाच डोळे मिटून पडायचं, उठायचं नाही, बोलायचं नाही, वाचायचंसुद्धा नाही. इंजेक्शनाच्या कुप्या मुंबईत मिळत, त्याही एका वेळी आठवड्यापुरत्याच. त्या मी घेऊन जायच्या, गावातल्या कंपाउंडरनं टोचायच्या, असं ठरलं होतं.

आता घरी जायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. धरमतरच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जायची, पण ती घड्याळावर चालत नसे, भरतीवर चाले. ओहोटीला रेवसच्या बंदरात निव्वळ चिखल. भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा हिशेब पोरासोरांनाही ठाऊक असतो: तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता समुद्र भरणार. म्हणजे लाँच आज अकराला, तर पुढच्या आठवड्यात भलत्याच वेळेला. रेवसहून अलिबागपर्यंत सर्व्हिस मोटार आणि तिथून नागावला रामाचा टांगा. त्यामुळे मला माझी सुट्टी नुसती इंग्रजी तारखेत कळून उपयोग नव्हता. त्या दिवशी तिथी कोणती हेही बघावं लागे.

म्हणून मोठ्या कंपनीच्या मुलाखतीला मी पंचांग घेऊन गेलो.

समोर त्यांचे मुख्य वैमानिक होते. लष्करातून आलेले, मिशीला पीळ देणारे पंजाबी गृहस्थ. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. त्यांनी उड्डाणांची वही चाळली, मान डोलवली आणि ड्यूटीचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. मी खिशातून पंचांग काढलं, तक्त्याशेजारी उघडून ठेवलं आणि बोट फिरवायला लागलो. साहेब बघतच राहिले.

"हे काय आहे?"

"पंचांग, सर. सुट्टीच्या दिवशी तिथी कोणती येते ते बघतोय."

त्यांचा चेहरा कठोर झाला. "मिस्टर, आमच्याकडे विमानं मुहूर्तावर उडत नाहीत."

खोलीतले दोन कारकून फिस्सकन हसले. तेव्हाच मी भरती-ओहोटीचं सांगून टाकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण माझा स्वभाव तिरसट. मुहूर्त काढणाऱ्या भटासारखं मला कुणी समजावं, तेही कारकुनांदेखत, हे मला सोसेना. मी पंचांग मिटलं आणि विचारलं, "सुट्टीचा दिवस बदलून मिळेल का?"

"नाही. महिना सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तक्ता लागतो. एकदा लागला की लागला."

"घरी आजारी माणूस असेल तर?"

"विमानातल्या प्रवाशांच्या घरीही आजारी माणसं असतात," असं म्हणून त्यांनी तक्ता परत ओढून घेतला.

संध्याकाळी मी शेठकडे गेलो. त्यांचं ऑफिस म्हणजे एका गोदामाची पुढची बाजू, भिंतीवर एक काळी पाटी आणि त्या पाटीवर खडूनं दुसऱ्या दिवशीची उड्डाणं. शेठ गादीवर बसून चहा पीत होते. मी अडचण सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"अरे कॅप्टन, ह्यात काय? आपल्याकडे टाइमटेबल-बीमटेबल काय नाय. विमान आपलं, टाइम पण आपला. बायडी आजारी हाय ना? तू बोल, मी सोडला. आज बोल, आज सोडला."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी तिथल्या तिथे होकार दिला आणि मोठ्या कंपनीला नकाराचं पत्र धाडलं. पत्र जरा जास्तच झणझणीत लिहिलं होतं.

शेठनं शब्द पाळला नाही असं मला म्हणता येणार नाही. माणूस दिलदार होता. कार्तिकापासून माघापर्यंत मी सुट्टी मागितली आणि त्यांनी नाही म्हटलं, असं एकदाही झालं नाही. कधी आठवड्यातून दोनदा मी नागावला टपकत असे. कुसुमला इतका आनंद व्हायचा की मला माझ्या निवडीचा अभिमान वाटे. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. ज्या मोकळेपणानं शेठ मला सोडत, त्याच मोकळेपणानं ते मला बोलवीतही. धक्क्यावर लाँचची वाट बघत उभा असताना त्यांचा माणूस धापा टाकत यायचा, की चला, इंदूरचं भाडं आलंय. पाटीवर खडूनं लिहिलेलं पुसायला ओला फडकाही लागत नाही, शेठचा तळहात पुरे.

आणि गिऱ्हाइकं तरी कसली! एकदा काठेवाडात लग्नाचं वऱ्हाड आणायला गेलो. सकाळी दहाला निघायचं होतं. नवरीची पाठवणी दुपारी साडेतीनच्या आत करायची नाही असं त्यांच्या गुरुजींनी सांगितलं, आणि आम्ही उन्हात तापलेल्या पट्टीवर विमानाच्या पंखाखाली बसून राहिलो. मला त्या मिशीवाल्या साहेबांची आठवण झाली. त्यांना बोलावून दाखवावं असं वाटलं, की बघा, मुहूर्तावर उडणारं विमान हे असं असतं. त्या दिवशीची माझी लाँच चुकली हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या खेपेला एका संस्थानिकांच्या पाहुण्यांचं जेवण आटपेना म्हणून आम्ही चार तास थांबलो. महाराजांनी आम्हालाही ताट पाठवलं, तक्रारीला जागा नव्हती. मी जेवलो आणि नागावला उद्या जाऊ असं मनाशी म्हटलं.

चैत्रात शेठनं आसामचं काम घेतलं. फाळणीमुळे तिकडचे रेल्वेचे रस्ते तुटले होते. तांदूळ, मीठ, रॉकेल सगळं विमानानं न्यावं लागे. शेठ म्हणाले, "चार दिवस, कॅप्टन. पाचव्या दिवशी तू तुझ्या गावी." मी कुसुमला तार केली, शनिवारी येतो. मुंबईतल्या एका मित्राला कुप्यांचं सांगून ठेवलं. तो दर आठवड्याला त्या लाँचच्या तांडेलाकडे द्यायचा आणि तांडेल त्या पुढे पोचवायचा. त्या बाबतीत एकही चूक झाली नाही.

चार दिवसांचे सव्वीस झाले. ढग, चिखल, नादुरुस्त इंजिन, आणि भाडं संपता संपेना. रोज वाटायचं, उद्या सुटका. मी आशेला लागलेला माणूस; तीन-चार दिवसांनी एक तार ठोकून द्यायचो. मंगळवारी निघतो. शुक्रवारी नक्की. आणखी दोन दिवस. मला वाटायचं, तिला तेवढाच धीर येत असेल. आता त्या तारांची आठवण झाली की स्वतःचीच लाज वाटते.

सव्विसाव्या दिवसानंतर मी मुंबईला परतलो आणि विमानतळावरून थेट धक्का गाठला. अलिबागला प्रथम डॉक्टरांकडे गेलो. ते त्रासलेले होते. "इंजेक्शनं वेळेवर चालली आहेत, खाणं ठीक आहे, आणि वजन मात्र उतरतंय. ताप संध्याकाळी पुन्हा चढायला लागलाय. मला तर काही कळत नाही. असंच चाललं तर पावसाळा जड जाईल," ते म्हणाले. पावसाळा जड जाईल याचा अर्थ त्यांनी उलगडला नाही आणि मीही विचारला नाही.

रामाच्या टांग्यात बसलो. रामा माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. चौलचा रस्ता लागल्यावर घोड्याचा लगाम उगाच ओढत म्हणाला, "सायेब, येक सांगू का? रागावनार न्हाय ना?"

"बोल की."

"तुमी येनार कवा ह्ये मला तरी आदी सांगत जावा. वैनी रोज ओटीवं उब्या असतात. लाँचची मानसं घिऊन मी आलो की टांग्यात बगतात. म्या लांबूनच हात हालवतो, न्हाय म्हून. मंग खांबाला धरत धरत आत जातात. माज्यानं आता हात हालववत न्हाय."

"रोज?"

"जवा जवा लाँच हाय, तवा तवा. भर दुपारची असंल तरी. म्या आत्याबायला बोललो. त्या म्हनल्या, ऐकत न्हाय ती."

सगळं कोडं सुटलं होतं. पडवीत पडल्यापडल्या ती तिथी मोजत होती, पाऊणनं गुणत होती, त्यात मोटारीचे आणि टांग्याचे तास मिळवत होती. रोजची वेळ निराळी, कधी अकरा, कधी दोन, कधी चार. मी येईन की नाही हे मलाच माहीत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक लाँचला उठत होती. केस सारखे करायचे, लुगडं नीट करायचं, मागच्या पडवीपासून पुढच्या ओटीपर्यंत चालत यायचं आणि रामाचा हात बघून परत जायचं. डॉक्टरांनी सांगितलेली दुपार माझ्या सुट्ट्यांनी खाल्ली होती.

त्या दिवशी ओटीवर ती उभी होतीच. गालाची हाडं वर आलेली, आणि डोळ्यांत आनंद मावत नव्हता. आणि मी काय केलं? मी तिच्यावर ओरडलो. "तुला पडून राहायला सांगितलंय ना? जिवावर उठलीयेस का स्वतःच्या?"

आत्या आतून ओचा खोचत बाहेर आली. "दत्तू, आवाज खाली कर. तिला दटावायला मी होते. तू महिन्यानं आलायस."

कुसुम खांबाला टेकून खाली बसली. तिला दम लागला होता. तो शमल्यावर शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचंच काही ठरलेलं नसतं. मग माझं कसं ठरायचं? डोळे मिटले की वाटतं, आत्ता आले तर? आल्या आल्या रोगी निजलेला बघतील. तार येते, मंगळवार. मंगळवार जातो. मग वाटतं, बुधवारी आले तर? तुम्ही महिन्यातून एकदाच या. चालेल मला, खरंच चालेल. पण कुठल्या दिवशी येणार ते सांगा, आणि त्याच दिवशी या."

माझ्या आयुष्यात इतकं साधं मागणं कुणी माझ्याकडे केलं नव्हतं, आणि ते पुरवणं माझ्या हातात नव्हतं. शेठच्या पाटीवर ते लिहिताच येत नव्हतं.

दोन दिवसांनी मी मोठ्या कंपनीच्या त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसलो होतो. साहेबांनी मला ओळखलं. माझं झणझणीत पत्रही त्यांच्या लक्षात असावं.

"पंचांग आणलंय?" त्यांनी विचारलं.

"आणलंय," मी म्हटलं, आणि या वेळी सगळं सांगितलं. लाँच, भरती, पाऊणपट, कुसुम, ओटी, रामाचा हात. त्यांनी पंचांग मागून घेतलं, तिथींच्या रकान्यावरून नजर फिरवली. चतुर्थी म्हणजे तीन वाजता, हे त्यांनी स्वतः गुणून बघितलं.

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"राग आला होता, सर."

ते थोडं हसले, मग गंभीर झाले. "कॅप्टनची जागा भरली. आता घेतलं तर सहवैमानिक म्हणून. रांगेत सगळ्यांच्या शेवटी."

आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. एका कंपनीतली ज्येष्ठता दुसरीत चालत नाही. किती हजार तास उडवलंत याला मान असतो, पण रांग म्हणजे रांग. पुढे सरकारनं सगळ्या कंपन्या एकत्र केल्या तेव्हाही ही रांगच धरली गेली, आणि ज्यांना मी विमान उतरवायला शिकवलं होतं ती मंडळी निवृत्तीपर्यंत माझ्या वर राहिली. त्यातल्या एकाच्या उजव्या हाताला बसून पहिलं उड्डाण केलं तेव्हा तो बिचारा मलाच "सर" म्हणत होता. मी त्याला म्हटलं, अरे, कॅप्टन तू आहेस, हुकूम सोड. वरवर हसलो, आतून झोंबलं. अजूनही कधीकधी झोंबतं.

पण त्या खोलीत मी लगेच हो म्हटलं. साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला हवा तो दिवस मी देऊ शकणार नाही. पण जो देईन तो तुमच्याकडून कुणी काढून घेणार नाही. मीसुद्धा नाही." लष्करी माणूस, हात घट्ट दाबला.

शेठना सांगायला गेलो तेव्हा ते खरोखर दुखावले. "मी तुला कधी ना बोललो काय, कॅप्टन?"

"नाही, शेठ. कधीच नाही."

"मग?"

मी राजीनाम्याचा कागद त्यांच्यापुढे गादीवर ठेवला. त्यांनी जाताना आंब्यांची करंडी दिली, बायडीसाठी म्हणून. मला ती घेताना फार वाईट वाटलं.

पहिला तक्ता मिळाला तो मी हातानं उतरवून नागावला टपालानं पाठवला. महिन्यात चार खेपा जमत होत्या. प्रत्येक तारखेपुढे वार, तिथी आणि मी घरी पोचायची वेळ लिहिली होती. पहिला दिवस वैशाखातला एक बुधवार होता, दुपारी तीनचा सुमार. तो दिवस येईपर्यंत माझाच विश्वास बसत नव्हता. धक्क्यावर उभा असताना मी सारखा मागं वळून बघत होतो, कुणी धापा टाकत येतंय का. कुणी आलं नाही.

कुसुम पुरी बरी व्हायला पुढे दीड वर्ष गेलं. डॉक्टरांनी श्रेय इंजेक्शनांना दिलं, आत्यानं कुलदेवतेला. मी दोघांशीही वाद घातला नाही. ती बरी होणार हे मला मात्र त्या बुधवारीच कळलं होतं.

टांगा आमच्या दाराशी थांबला. रामानं ओटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओटीवर कुणी नव्हतं. चपला न काढताच मी आत धावलो, तशी आत्या माजघरातून तोंडावर बोट ठेवून आली.

"हळू. निजलीय. तुझा कागद आल्यापासून रोज बाराला डोळा लागतो तिचा."

मी पडवीच्या दारातून बघितलं. कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं ठेवून ती गाढ झोपली होती. खरं सांगतो, मला क्षणभर जरा लागलंच. इतक्या लांबून, रांगेच्या शेवटी जाऊन आलो, आणि ही झोपलीय! मग मी जमिनीवर, खाटेच्या पायाशी बसलो. वाडीत रहाट चालू होता. आत्यानं चहा आणला तो तसाच निवत राहिला. मी काही वाचलं नाही, काही बोललो नाही. पावणेपाच वाजून गेले.

तिनं डोळे उघडले, मला बघितलं, आणि गोंधळून उठायला लागली.

"अगंबाई, तुम्ही? आज बुधवार का?"